झडीचे दिवस आणि पोथीचा अध्याय

आषाढात सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाची झड लागते, ती कित्येकदा आठ-आठ दिवस उघडीप देत नाही. महाबळेश्वर, आंबोली येथे वर्षाकाठी 5,000 मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि त्यांतील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. अशा मुलखात आगोटीपूर्वीच सरपण, मीठ, तांदूळ यांची बेगमी होत असे. पोटाची सोय लागे. परंतु मनाचे काय? झडीचा खरा जाच ओलेपणाचा नसतो, सारखेपणाचा असतो. सकाळ आणि संध्याकाळ एकाच करड्या रंगाच्या होतात आणि आज वार कोणता, हेही आठवून पाहावे लागते.

या सारखेपणावर जुन्या घरांनी शोधलेला उपाय म्हणजे पोथी. लावणी उरकली की रात्री माजघरात दिवा लागे, चौरंगावर पोथी उघडली जाई. एकजण वाची आणि घरची-शेजारची माणसे ऐकत. श्रीधरकवींचे ग्रंथ या कामी विशेष आवडीचे. अठराव्या शतकाच्या आरंभी, 1702 ते 1712 या दशकात, त्यांचे ‘हरिविजय’, ‘रामविजय’ आणि ‘पांडवप्रताप’ सिद्ध झाले. त्यांची ओवी वाचण्यापेक्षा ऐकण्यासाठी घडलेली आहे. अक्षरओळख नसलेल्यालाही ती अडत नाही. ‘हरिविजया’चे अध्याय 36. श्रावणाच्या पहिल्या दिवशी आरंभ करून रोज एक अध्याय वाचला, तर गौरीगणपतींच्या दिवसांत ग्रंथ संपतो. ‘पांडवप्रतापा’चे अध्याय 64, दोन दिवसांस एक या मापाने तो सारा चातुर्मास पुरतो.

हे माप महत्त्वाचे. कथा सर्वांना ठाऊकच असे. वाचणाऱ्याने चुकून दोन पाने एकदम उलटली, तर कोपऱ्यातील आजीबाई ती चूक तत्काळ पकडीत. म्हणजे पुढे काय झाले, या उत्कंठेने कोणी येत नसे. आजचा अध्याय कालच्याहून निराळा, एवढ्यानेच आजचा दिवस निराळा होई. मध्येच डुलकी घेणारे श्रोतेही असत; त्यांची मोजदाद कोणी करीत नसे.

ही रीत एकट्या महाराष्ट्राची नव्हे. केरळात कर्कटक महिना, म्हणजे मध्य जुलै ते मध्य ऑगस्ट, हा मुसळधार पावसाचा, आणि पूर्वी रिकाम्या कोठारांचा व आजारपणाचा काळ. त्या महिन्यात घरोघरी निलविळक्क लावून सोळाव्या शतकातील एळुत्तच्छन यांचे मलयाळम ‘अध्यात्मरामायण’ रोज थोडे थोडे वाचतात आणि महिन्याच्या अखेरच्या दिवशी पुरे करतात.

याहून पुरातन धागा बौद्ध भिक्षूंच्या वर्षावासाचा. पावसाळ्याचे तीन महिने प्रवास थांबवून एके ठिकाणी राहावे, हा त्यांचा नियम. 1956 साली नागपूर येथे धम्मदीक्षेचा सोहळा झाला आणि पुढे महाराष्ट्रातील वस्त्यावस्त्यांतून या वर्षावासाला नवा अर्थ आला. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत विहारांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या, 1957 साली प्रसिद्ध झालेल्या, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे क्रमशः वाचन होते. ज्यांच्या पूर्वजांना ग्रंथाला हात लावण्याची मुभा नव्हती, त्यांच्या घरातील स्त्रिया आणि मुले येथे स्वतः वाचायला बसतात. पावसाळी वाचनाच्या साऱ्या परंपरेत याहून मोठी घटना दाखविता येणार नाही.

आजचा वाचक बहुधा एकटा आणि मनात वाचतो. झड लागली की तो पुस्तकांची चळत उशाशी घेतो, चार चाळतो आणि तिसऱ्या दिवशी सर्वांनाच कंटाळतो. त्याने जुने माप वापरून पाहावे: एकच मोठा ग्रंथ, ठरलेली वेळ, ठरलेली पाने, आणि शक्य तर घरातील कोणाला तरी ऐकू जाईल एवढा आवाज.

पाऊस वाचकाला घरात बसवितो आणि त्याच वेळी ग्रंथांवर घाला घालतो. हवेतील सापेक्ष आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की कागदावर बुरशी धरते. ओलसर, अंधाऱ्या कोपऱ्यांत कसर वाढते. म्हणून कपाट भिंतीला चिकटवू नये, पुस्तके दाटीने कोंबू नयेत आणि प्लास्टिकमध्ये तर मुळीच गुंडाळू नयेत, कारण आतली ओल आतच राहते. जुनी माणसे पोथी सुती बासनात बांधून त्यात वेखंडाचा तुकडा ठेवीत. भिजलेले पुस्तक कडक उन्हात वा निखाऱ्यावर धरू नये. पानांमध्ये टिपकागद घालून सावलीत, वाहत्या हवेत उभे ठेवावे.

जैन समाजाने तर या कामासाठी पंचांगात एक दिवसच राखून ठेवला आहे. कार्तिक शुद्ध पंचमी ही त्यांची ज्ञानपंचमी. पाऊस सरून हवा कोरडी झालेली असते. त्या दिवशी ग्रंथभांडारे उघडायची, पोथ्या बासनांतून काढून झटकायच्या, त्यांना हवा द्यायची, त्यांची पूजा करायची आणि नव्या बासनांत बांधून त्या पुन्हा जागी ठेवायच्या, अशी परंपरा आहे. पाटण आणि जेसलमेर येथील भांडारांतील शेकडो वर्षांपूर्वीची ताडपत्रे आजही वाचता येतात.