विकत घेतलेल्या वस्तूचे कुलूप

व्यवहाराची एक जुनी रीत आहे. दाम मोजला, पावती हाती आली, की वस्तू घेणाऱ्याची झाली. ती वापरावी, पुढच्या पिढीच्या हाती द्यावी किंवा विकून टाकावी, हा त्याचा अधिकार. विकणाऱ्याचा संबंध फार तर हमीपुरता उरतो. अलीकडे मात्र ही रीत बदलत चालली आहे. यंत्र घरात येते, त्याचे सर्व भाग जागच्या जागी असतात. पण त्यांपैकी काही भाग कंपनीने सॉफ्टवेअरच्या साहाय्याने बंद ठेवलेले असतात. ते चालू करून घ्यायचे, तर पुन्हा पैसे भरावे लागतात.

या पद्धतीची जगभर चर्चा झाली ती २०२२ च्या जुलै महिन्यात. बीएमडब्ल्यू या जर्मन मोटार कंपनीने काही देशांत आसने उबदार ठेवण्याच्या सोयीसाठी मासिक वर्गणी ठेवल्याचे तेव्हा लोकांच्या लक्षात आले. ब्रिटनमध्ये हा दर महिन्याला १५ पौंड होता. कायमची सोय हवी असल्यास ३५० पौंड. आसन तापवणारे साहित्य कारखान्यातच बसवलेले होते, अडवणूक होती ती केवळ परवानगीची. ग्राहकांत नाराजी पसरली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये कंपनीने आसनांसाठीची ही वर्गणी बंद करत असल्याचे जाहीर केले. कंपनीचे संचालक पीटर नोटा यांनी त्या वेळी दिलेले कारण लक्षणीय आहे. लोकांना आपण दोनदा पैसे मोजतो असे वाटते. वस्तुस्थिती तशी नसली, तरी लोकांची भावना दुर्लक्षून चालत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

कंपनीची बाजू व्यापारी माणसाला समजण्यासारखी आहे. एकाच मालाचे चार प्रकार बनवायचे, तर चार प्रकारचा साठा, चार प्रकारची जुळणी आणि न खपलेल्या प्रकाराचा तोटा. त्यापेक्षा एकच प्रकार बनवून ज्याला जेवढे हवे तेवढेच खुले करणे स्वस्त पडते. ही कल्पना नवीही नाही. मोठ्या बँका वापरतात त्या आयबीएमच्या मेनफ्रेम संगणकांत जादा प्रोसेसर आधीच बसवलेले असतात. काम वाढले की पैसे भरून ते चालू करून घेता येतात. तेथे तक्रार होत नाही, कारण काय घेतले आणि काय बंद आहे, हे करारात दोन्ही पक्षांना ठाऊक असते. हीच युक्ती इंटेलने २०१० मध्ये घरगुती संगणकांसाठी योजली. ५० डॉलरचे कार्ड घेऊन त्यावरील संकेतांक भरला, की प्रोसेसरची बंद ठेवलेली क्षमता खुली होई. टीका झाली आणि पुढच्याच वर्षी ती योजना गुंडाळली गेली.

या पद्धतीचे दोन्ही चेहरे अमेरिकेतील टेस्ला मोटारींत दिसतात. २०१६ मध्ये कंपनीने मॉडेल एस या मोटारीचा ६० किलोवॅट-तासांचा स्वस्त प्रकार आणला. प्रत्यक्षात त्यात ७५ किलोवॅट-तासांची बॅटरी होती. उरलेली क्षमता हवी असल्यास वेगळे पैसे. ज्याने कमी दाम मोजला त्याला कमी मिळाले, एवढ्यावर हा सौदा न्याय्य म्हणता येईल. पण सप्टेंबर २०१७ मध्ये इर्मा चक्रीवादळामुळे फ्लोरिडातील लोक घरे सोडून निघाले, तेव्हा कंपनीने दुरूनच त्या भागातील अशा मोटारींची बंद क्षमता काही दिवसांपुरती मोफत खुली केली. संकटात मदत झाली, हे चांगलेच. मात्र किल्ली कोणाच्या हाती आहे, हेही त्या दिवशी स्पष्ट झाले. २०२० मध्ये दुसरी घटना गाजली. विक्रेत्याकडून जुनी मोटार घेतलेल्या एका ग्राहकाच्या गाडीतील स्वयंचलनाच्या सोयी कंपनीने परस्पर काढून घेतल्या. बातमी पसरल्यावर त्या परत मिळाल्या.

जो दुरून देऊ शकतो, तो दुरून काढूनही घेऊ शकतो. म्हणून प्रश्न केवळ जादा पैशांचा नाही, मालकीचा आहे. एकदाच पैसे भरून सोय कायमची मिळत असेल, तर ती खरेदी होय. मर्सिडीजने २०२२ मध्ये अमेरिकेत आपल्या काही विद्युत मोटारींचा वेग अधिक जलद वाढावा यासाठी वर्षाला १,२०० डॉलर मागितले. तशी रक्कम दरवर्षी द्यावी लागत असेल, तर ते भाडे होय. भाडे देण्यात गैर काही नाही. भाड्याला खरेदी समजून हिशेब मांडणे, हे मात्र नुकसानीचे.

त्यामुळे मोटार, कॅमेरे, प्रिंटर किंवा दुकानातील बिलिंग यंत्र घेताना चार गोष्टी आधीच विचारून घ्याव्यात. दाखवलेली प्रत्येक सोय या किमतीत कायमची आहे, की ठरावीक मुदतीची? वर्गणी थांबली, तर कोणते काम बंद पडेल? वस्तू विकली, तर सोय नव्या मालकाकडे जाईल का? इंटरनेट नसताना किंवा कंपनी बंद पडल्यास यंत्र चालेल का? उत्तरे तोंडी न घेता बिलावर लिहून घ्यावीत. वर्गणीची पाच वर्षांची बेरीज मूळ किमतीत मिळवूनच दोन यंत्रांची तुलना करावी.

भारतातील २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला वस्तूचा दर्जा, प्रमाण, क्षमता आणि किंमत यांची माहिती मिळण्याचा हक्क दिला आहे. एकतर्फी, अन्याय्य कराराविरुद्ध दाद मागण्याचीही सोय त्यात आहे. परंतु व्यापारी कारणासाठी केलेल्या खरेदीला हे संरक्षण सहसा मिळत नाही. अपवाद आहे तो स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः वापरायच्या वस्तूंचा. म्हणून घरापेक्षा पेढीसाठीच्या खरेदीत करार अधिक बारकाईने वाचावा लागतो.

अशा वस्तू विकणाऱ्या दुकानदाराची जबाबदारी याहून मोठी आहे. कुलूप कंपनीने घातलेले असले, तरी ग्राहक जाब विचारायला येतो तो दुकानातच. पहिल्या वर्षी मोफत असलेल्या सोयीला दुसऱ्या वर्षी किती पैसे पडतील, हे विक्रीच्या वेळीच सांगितले, तर एखादा सौदा हातचा जाईलही. पण पत टिकेल.