जुन्या मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर: जुगाडासाठी का नको?

लाकडावर विजेने फांद्यांसारखी नक्षी जाळणारे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. त्यामागे बरेचदा भंगारातल्या मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर असतो. हिंगोलीतल्या माझ्या चुलतभावाने परवा विचारलं, "दादा, भंगारवाल्याकडे एक मायक्रोवेव्ह आलाय. घेऊ का?" मी नाही म्हटलं. का, ते बघूया.

हा ट्रान्सफॉर्मर करतो काय?

घरातल्या २३० व्होल्टचे तो साधारण २००० व्होल्ट करतो. पुढे कपॅसिटर आणि डायोड ते ४००० च्या आसपास नेतात. त्यावर मॅग्नेट्रॉन चालतो आणि अन्न गरम होतं.

खरा धोका करंटचा

गॅस लायटरची ठिणगीही हजारो व्होल्टची असते, पण करंट नगण्य आणि तोही क्षणभर. म्हणून नुसता चटका बसतो. हा ट्रान्सफॉर्मर मात्र शेकडो मिलीअँपिअर सतत देऊ शकतो. छातीतून ५०-१०० मिलीअँपिअर गेला तरी हृदय बंद पडू शकतं.

"घरात आरसीसीबी आहे ना?" इथे उपयोग नाही. तो फेज आणि न्यूट्रलच्या करंटमधला फरक मोजतो. शॉक बसतो सेकंडरी वाइंडिंगचा, आणि तो करंट तिथल्या तिथेच फिरतो. आरसीसीबीला पत्ताच लागत नाही. प्लग काढला तरी कपॅसिटरमध्ये चार्ज उरू शकतो, ते वेगळंच.

या नक्षीच्या नादात अमेरिकेत अनेकांचा जीव गेला. तिथल्या 'अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स' या संस्थेने आपल्या कार्यक्रमांत ती करायला बंदीच घातली आहे.

मग हाय व्होल्टेज वापरायचंच नाही?

वापरतात की! आपल्याच जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही वेधशाळा होतेय. तिच्या ४-४ किलोमीटरच्या दोन नळ्यांत निर्वात पोकळी लागते. ती टिकवायला अशा वेधशाळांत आयन पंप असतात, आणि ते काही हजार व्होल्टवरच चालतात. पण तिथे बंदिस्त कनेक्टर, अर्थिंग, करंटवर मर्यादा आणि प्रशिक्षित माणसं असतात. आपल्या टेबलावर यातलं काहीच नसतं.

शिकायचंय? मग ५ किंवा १२ व्होल्टच्या प्रोजेक्टपासून सुरुवात करा. आणि कुणाला शॉक बसलाच, तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा, मग १०८ ला फोन लावा.