श्रेयांक, श्रेणी आणि सीजीपीए : गुणपत्रिका वाचायची कशी?

(पदवीचे विद्यार्थी आणि पालक यांच्यासाठी दिलेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन. फळ्यावर मांडलेली गणिते मजकुरात घेतली आहेत. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न आहेत.)



आज विषय छोटा आहे, पण त्यावर बरंच काही अडतं. नोकरीचा अर्ज, एम.एस्सी.चा प्रवेश, शिष्यवृत्ती, कॅम्पसमधली पहिली चाळणी, सगळीकडे एक आकडा विचारतात. पूर्वी आपण टक्के सांगत होतो. आता गुणपत्रिकेवर एसजीपीए आणि सीजीपीए असतो. मुलं मोबाइलवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये आकडे भरतात आणि आलेलं उत्तर लिहून टाकतात. घरी आई-बाबा विचारतात, ‘८.३६ म्हणजे नक्की किती टक्के?’ तिथे गप्पा थांबतात. तर आज आपण हा आकडा हातानं काढू. गुणाकार, बेरीज आणि भागाकार, एवढंच गणित लागतं.

श्रेयांक म्हणजे विषयाचं वजन

पहिला शब्द श्रेयांक. आपण बोलताना क्रेडिट म्हणतो. त्या विषयाला सत्रात किती वेळ दिला जातो, त्यावर तो ठरतो. सत्रात साधारण १५ तासांचं वर्गातलं शिकवणं म्हणजे १ श्रेयांक. प्रॅक्टिकल असेल तर त्याच १ श्रेयांकाला ३० तास. म्हणजे ४ श्रेयांकांचा थिअरीचा विषय ६० तासांचा झाला. नव्या शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रात पदवीच्या एका सत्रात साधारण २० ते २२ श्रेयांक असतात.

श्रेयांक म्हणजे गुण नव्हेत, एवढं लक्षात ठेवा. उत्तीर्ण झालात की विषयाचे पूर्ण श्रेयांक खात्यात जमा होतात. ४१ मिळाले काय आणि ९१ मिळाले काय, ४ श्रेयांकांच्या विषयाचे ४च मिळणार. किती चांगलं केलं, हे सांगायचं काम श्रेणीचं.

श्रेणी आणि श्रेणीगुण

विद्यापीठ अनुदान आयोगाची श्रेयांक पद्धत १० गुणांच्या पट्टीवर चालते. ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी म्हणजे नुसतं उत्तीर्ण ४, आणि एफ म्हणजे ०. गैरहजर असाल तरी ०.

आता किती गुणांना कुठली श्रेणी द्यायची, हे सगळीकडे सारखं नाही. आज आपण एक पट्टी गृहीत धरू : ८० आणि त्यावर ओ, ७० ते ७९ ए प्लस, ६० ते ६९ ए, ५५ ते ५९ बी प्लस, ५० ते ५४ बी, ४५ ते ४९ सी, ४० ते ४४ पी. तुमची पट्टी वेगळी असू शकते. बहुतेक वेळा ती गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला छापलेली असते. घरी गेल्यावर ती बाजू एकदा वाचा.

काही संस्थांत तर अशी ठरावीक पट्टीच नसते. आयआयटी मुंबईत एए म्हणजे १०, एबी ९, बीबी ८ असं उतरत डीडी म्हणजे ४ पर्यंत येतं, पण कितीला एए द्यायचा हे त्या-त्या कोर्सचे प्राध्यापक वर्गाचा एकूण निकाल बघून ठरवतात. तिथे सरासरीची नावंही वेगळी आहेत, एसपीआय आणि सीपीआय. गणित मात्र हेच.

एका सत्राचं गणित

समजा, एका विद्यार्थिनीचं बी.एस्सी.चं पहिलं सत्र आहे. एकूण २२ श्रेयांक. गुण १०० पैकी धरू.

मुख्य विषय, थिअरी : ४ श्रेयांक, गुण ७२, श्रेणीगुण ९. गुणाकार ३६.
मुख्य विषय, प्रॅक्टिकल : २ श्रेयांक, गुण ८५, श्रेणीगुण १०. गुणाकार २०.
मायनर विषय : ४ श्रेयांक, गुण ५८, श्रेणीगुण ७. गुणाकार २८.
खुला ऐच्छिक विषय : ४ श्रेयांक, गुण ६४, श्रेणीगुण ८. गुणाकार ३२.
कौशल्य कोर्स : २ श्रेयांक, गुण ८१, श्रेणीगुण १०. गुणाकार २०.
भाषा : २ श्रेयांक, गुण ५३, श्रेणीगुण ६. गुणाकार १२.
भारतीय ज्ञान प्रणाली : २ श्रेयांक, गुण ६९, श्रेणीगुण ८. गुणाकार १६.
एनएसएस : २ श्रेयांक, गुण ९०, श्रेणीगुण १०. गुणाकार २०.

गुणाकारांची बेरीज १८४. श्रेयांकांची बेरीज २२. १८४ भागिले २२ म्हणजे ८.३६. हाच तिचा एसजीपीए, त्या सत्राची सरासरी.

बरेच जण इथे सरळ आठ श्रेणीगुणांची बेरीज करून ८ ने भागतात. बेरीज ६८, उत्तर ८.५०. हे चुकतं, कारण त्यात एनएसएसचे २ श्रेयांक आणि मायनरचे ४ श्रेयांक एकाच मापानं मोजले जातात. भाजीवाल्याकडे २ किलो बटाटे आणि पाव किलो आलं घेतलं, तर दोन्हींच्या भावाची सरासरी काढून बिल होत नाही. वजन धरावंच लागतं.

दोन गुणांची किंमत

आता याच तक्त्याशी थोडं खेळू. मायनरमध्ये ५८ च्या जागी ६० मिळाले असते तर? श्रेणीगुण ७ चा ८ झाला, विषय ४ श्रेयांकांचा, म्हणून बेरीज ४ ने वाढली. १८८ भागिले २२ म्हणजे ८.५५. दोन गुणांनी ०.१८ चा फरक पडला.

भाषेत ५३ चे ५५ झाले असते तर? तिथेही श्रेणी एकच पायरी वर गेली, पण विषय २ श्रेयांकांचा. १८६ भागिले २२ म्हणजे ८.४५. फायदा निम्मा.

आणि प्रॅक्टिकलमध्ये ८५ च्या जागी ९५ मिळाले असते तर? काहीच नाही. दहा गुण वाढले, एसजीपीए होता तिथेच.

म्हणून फेरतपासणीचा अर्ज करायचा की नाही, हे ठरवताना रागावर जाऊ नका. आपण श्रेणीच्या काठावर आहोत का आणि विषय किती श्रेयांकांचा आहे, हे दोन प्रश्न आधी विचारा. ५९ आणि ७९ वाल्यांनी जरूर विचार करावा. ७४ वाल्याला दोन गुण वाढून मिळाले, तरी सरासरीत फरक शून्य.

याचा अर्थ काठापर्यंतच अभ्यास करा असा मुळीच नाही. ८० वाल्याला आणि ९८ वाल्याला हा आकडा सारखंच मोजतो, पण पुढच्या वर्षीचा विषय तसं मोजत नाही.

सीजीपीए आणि मागच्या सत्रांचं ओझं

सीजीपीए म्हणजे आजवरच्या सगळ्या सत्रांची मिळून सरासरी. इथेही वजन आहेच. समजा, या मुलीचं दुसरं सत्र २० श्रेयांकांचं होतं आणि एसजीपीए ६.९० आला. म्हणजे त्या सत्राचे १३८. पहिल्याचे १८४. एकूण ३२२ भागिले ४२, सीजीपीए ७.६७. दोन एसजीपीएंची नुसती सरासरी केली असती तर ७.६३ आली असती. दोन्ही सत्रांचे श्रेयांक सारखे असतील तर नुसती सरासरीही चालते. वेगवेगळे असतील तर चालत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शेवटच्या वर्षाची मुलं भेटतात, म्हणतात, ‘सर, शेवटच्या सत्रात जोर लावतो, ७ करून टाकतो.’ आपण गणित मांडून बघू. पाच सत्रं झाली, प्रत्येकी २२ श्रेयांक, म्हणजे ११०. सीजीपीए ६.४०, म्हणजे जमा ७०४. सहा सत्रांनंतर श्रेयांक १३२ होतील. ७.०० हवा असेल तर १३२ गुणिले ७ म्हणजे ९२४ जमा व्हायला हवेत. कमी पडतात २२०. ते एका सत्रात, २२ श्रेयांकांत मिळवायचे. म्हणजे एसजीपीए १०.००. प्रत्येक विषयात ओ. एका जरी विषयात ए प्लस आला तरी ७ हुकला.

हेच पहिल्या सत्रानंतर ठरवलं असतं तर? पहिल्या सत्रात ६.४०, दुसऱ्यात ७.६० मिळवले की सीजीपीए ७.००. हे कष्टाचं आहे, पण आवाक्यातलं आहे. सरासरी जसजशी जुनी होते तसतशी जड होते. म्हणून पहिल्या वर्षाला ‘आधी कॉलेज तर समजून घेऊ’ म्हणून सोडू नका. आणि जे शेवटच्या सत्रात आहेत त्यांनी निराश होण्याआधी आपलं खरं लक्ष्य काय ते बघा. याच मुलाला ७.०० ऐवजी ६.७५ पुरणार असतील, तर १३२ गुणिले ६.७५ म्हणजे ८९१, वजा ७०४, उरले १८७. भागिले २२, म्हणजे ८.५०. अवघड आहे, पण अशक्य नाही.

टक्के करायचे कसे?

आता आई-बाबांच्या प्रश्नाकडे येऊ. सगळ्यांच्या तोंडी एक सूत्र आहे : गुणिले ९.५. हे आलं सीबीएसईच्या दहावीच्या निकालातून. २०१७ पर्यंत तिथे दहावीला सीजीपीए मिळत होता. ९१ ते १०० गुणांच्या गटातल्या मुलांची सरासरी साधारण ९५ धरली आणि त्यावरून १० म्हणजे ९५ असं सूत्र बसवलं. ते त्यांच्या पट्टीसाठी होतं. तुमच्या बी.एस्सी.शी त्याचा संबंध नाही.

तंत्रशिक्षण परिषदेच्या, म्हणजे एआयसीटीईच्या तक्त्यात ६.२५ म्हणजे ५५ टक्के, ६.७५ म्हणजे ६०, ७.२५ म्हणजे ६५, ८.२५ म्हणजे ७५. थोडक्यात, सीजीपीएतून ०.७५ वजा करा आणि दहानं गुणा. आता एकाच ६.७५ ची तीन उत्तरं बघा. दहानं गुणलं तर ६७.५. ९.५ ने गुणलं तर ६४.१३. एआयसीटीईच्या तक्त्यानं ६०.

मग खरं कुठलं? आपल्या विद्यार्थिनीचे मूळ गुण आपल्याकडे आहेत. श्रेयांकांचं वजन धरून त्यांची सरासरी काढली तर येते ६९.६४ टक्के. आणि तिचा एसजीपीए ८.३६. गुणिले ९.५ केलं असतं तर ७९.४२ आले असते, जवळजवळ दहा टक्के जास्त. कारण आपल्या पट्टीत ८० लाच १० मिळतात. श्रेणी दिली की मूळ गुणांतली माहिती पुसली जाते, ती नंतर कुठल्याही सूत्रानं पूर्ण परत येत नाही. सूत्र ही एक सोय आहे, आणि ती ज्या-त्या पट्टीपुरतीच.

म्हणून नियम सोपा. अर्जात टक्के मागितले असतील तर जाहिरातीत रूपांतराबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा. काही नसेल तर तुमच्या विद्यापीठाचं अधिकृत सूत्र वापरा. विद्यापीठाचं रूपांतराचं प्रमाणपत्र मागितलं असेल तर ते वेळेत काढून ठेवा. स्वतःच्या सोयीचं सूत्र लावून ६० ची अट पूर्ण केली आणि कागदपत्रांच्या तपासणीत ५७ निघाले, तर हातातली जागा जाते. तिथे ‘मला माहीत नव्हतं’ हे कारण कुणी ऐकत नाही.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न : केटी लागली तर सीजीपीएचं काय होतं?

उत्तर : काही विद्यापीठं तो विषय सुटेपर्यंत एसजीपीए दाखवतच नाहीत. काही ठिकाणी नापास विषयाचे श्रेणीगुण ० धरतात, पण त्याचे श्रेयांक भागाकारात राहतात. आपल्या उदाहरणात मायनर राहिला असता तर १८४ चे १५६ झाले असते आणि एसजीपीए ७.०९. विषय सुटला की नवी श्रेणी धरून आकडा पुन्हा काढतात. पण बऱ्याच कंपन्या चालू बॅकलॉग नसावा अशी वेगळी अट घालतात. तिथे सीजीपीए चांगला असून भागत नाही. केटी आधी सोडवा.

प्रश्न : सर, माझी मुलगी ७.९ वर आहे आणि पुतण्या दुसऱ्या कॉलेजात ८.६ वर. घरात रोज तुलना होते.

उत्तर : ताई, दोघांची पट्टी एक आहे का? विषय एक आहेत का? अंतर्गत गुण देण्याची पद्धत एक आहे का? हे सगळं वेगळं असेल तर ०.७ चा फरक काहीच सांगत नाही. एकाच वर्गातही ७९ वाल्याला ९ आणि ८० वाल्याला १० मिळतात, आणि ७० वाला व ७९ वाला दोघेही ९ वर. तिची तुलना तिच्याच मागच्या सत्राशी करा. वर जातेय की खाली येतेय, आणि कुठल्या विषयामुळे, हे गुणपत्रिका नीट सांगते.

प्रश्न : अमेरिकेत अर्ज करायचा आहे. तिथे ४ ची पट्टी असते. १० पैकी ८.३६ म्हणजे ४ पैकी ३.३४ लिहू का?

उत्तर : असं सरळ प्रमाण काढू नका. तिथे साधारणपणे ए म्हणजे ४, बी म्हणजे ३, सी म्हणजे २ अशी पट्टी असते, आणि मूल्यमापन करणाऱ्या संस्था एकेका विषयाची श्रेणी बदलून मग सरासरी काढतात. अर्जात पट्टी विचारलेली असेल तर १० पैकी ८.३६ असंच लिहा.

प्रश्न : ६.७४ आहे, ६.७५ लिहिलं तर चालेल?

उत्तर : नाही. दोन दशांश स्थळांपर्यंतचं पूर्णांकन विद्यापीठानं आधीच केलेलं असतं. छापलेल्या आकड्याला आपण हात लावायचा नाही.

आता घरी गेल्यावर एवढं करा. आपली गुणपत्रिका काढा, श्रेयांक आणि श्रेणीगुण समोरासमोर लिहा आणि एसजीपीए स्वतः काढून छापलेल्या आकड्याशी ताडून बघा. जुळला तर पुढच्या सत्रात किती हवेत ते मांडा. नाही जुळला तर आधी मागच्या बाजूची पट्टी पुन्हा वाचा आणि तरीही फरक राहिला तर परीक्षा विभागात लेखी अर्ज द्या.