खेळता खेळता रागावणारे यंत्र



सुट्टीची दुपार आहे. मित्राबरोबर तुम्ही पट मांडून बसला आहात. डाव रंगात आला आहे, खेळी तुमची आहे आणि तुम्ही डोके खाजवत विचार करीत आहात. एक मिनिट जाते, दोन मिनिटे जातात. समोरचा गडी चुळबुळ करू लागतो. "चल ना लवकर!" आणखी एक मिनिट. "खेळायचंय की नाही? नाहीतर मी हा चाललो घरी!"

यात तुम्हांला काहीच नवल वाटणार नाही. पण समोरचा गडी माणूस नसून खोली व्यापून टाकणारे एक यंत्र असेल तर? आणि साल १९५२ असेल तर?

असे यंत्र खरोखरच होते. इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठातील हा संगणक ड्राफ्ट्स नावाचा पटावरचा खेळ खेळत असे. चुकीची माहिती देणाऱ्या किंवा वेळ काढणाऱ्या खेळाडूला तो टंकित अक्षरांत चक्क दटावत असे! यंत्राला ही भाषा शिकवणारा माणूस कोणी नाणावलेला संगणकतज्ज्ञ नव्हता. तो होता एक शाळामास्तर, आणि आज्ञावली लिहिण्याच्या कामात अगदी नवशिका.

मासिकातला लेख आणि मास्तर

या शिक्षकाचे नाव ख्रिस्तोफर स्ट्रेची. जन्म १९१६ चा. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात शिक्षण झाल्यावर आणि युद्धकाळात एका कारखान्यात काम केल्यावर ते शाळेत शिकवू लागले. १९४९ पासून ते हॅरो येथील प्रसिद्ध शाळेत होते.

१९५० साली 'सायन्स न्यूज' या विज्ञानविषयक नियतकालिकात डोनाल्ड डेव्हिस यांचा एक लेख आला. बुद्धिबळ आणि फुल्ली-गोळा यांसारखे खेळ यंत्राला कसे खेळता येतील, हा त्याचा विषय. तुम्ही आता हा लेख वाचत आहात, तसाच स्ट्रेचींनी तो वाचला. पण वाचून बाजूला ठेवला नाही. १९५१ च्या जानेवारीत एका मित्रामुळे त्यांना टेडिंग्टनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतील 'पायलट एस' हा संगणक पाहायला मिळाला. झाले! शाळेचे काम सांभाळून, उरलेल्या वेळात, मास्तर ड्राफ्ट्सची आज्ञावली लिहू लागले.

आज्ञावली म्हणजे यंत्राने कोणत्या क्रमाने काय करावे, याची बारीकसारीक सूचनांची यादी. यंत्र सांगितले तेवढेच करते. आपल्या मनातले ओळखत नाही. जुलै १९५१ मध्ये स्ट्रेचींनी आपली आज्ञावली यंत्रावर चालवून पाहिली, आणि ती चालली नाही! लिहिण्यात चुका राहिल्या होत्या. शिवाय पायलट एसची स्मृती, म्हणजे माहिती साठवून ठेवण्याची जागाही, एवढ्या मोठ्या कामाला तोकडी होती.

मँचेस्टरला अधिक मोठ्या स्मृतीचे यंत्र आल्याचे त्यांना कळले. तेथे होते ॲलन ट्युरिंग, संगणकशास्त्राच्या जनकांपैकी एक. स्ट्रेचींची आणि त्यांची केंब्रिजपासूनची ओळख होती. ट्युरिंग यांनी लिहिलेली यंत्राची मार्गदर्शिका स्ट्रेचींनी मागवून घेतली. ती समजायला महाकठीण होती. त्या यंत्रात आज्ञा शब्दांत लिहायच्या नसत. टेलिप्रिंटरच्या ३२ चिन्हांत लिहायच्या असत, आणि संख्या तर उलट्या क्रमाने! स्ट्रेचींनी तीही पचवली. ट्युरिंग यांच्या सूचनेवरून त्यांनी सरावासाठी हजारएक आज्ञांची एक आज्ञावली लिहिली. यंत्राला ती रात्रभर चालवायला दिली. सकाळपर्यंत ती चालू लागली आणि शेवटी यंत्राने आपल्या भोंग्यावर इंग्लंडचे राष्ट्रगीत वाजवून दाखवले! पुढे १९५२ च्या उन्हाळ्यापर्यंत ड्राफ्ट्सची आज्ञावलीही संपूर्ण डाव खेळू लागली.

पट यंत्रात कसा मावला?

ड्राफ्ट्सचा पट बुद्धिबळासारखाच ६४ घरांचा. पण खेळ फक्त काळ्या ३२ घरांतच चालतो. प्रत्येकाच्या १२ सोंगट्या. सोंगटी तिरपी, पुढे एक घर सरकते. समोर शत्रूची सोंगटी असून तिच्या पलीकडचे घर रिकामे असेल, तर तिच्यावरून उडी मारून ती मारायची. मारता येत असेल तर मारलीच पाहिजे. पटाच्या दुसऱ्या टोकाला पोचलेल्या सोंगटीचा 'राजा' होतो आणि त्याला मागेही जाता येते.

आता यंत्राला डोळे नाहीत. त्याला कळतात फक्त ० आणि १ हे दोन अंक. मग पट त्याला कसा दाखवायचा? स्ट्रेचींची युक्ती सोपी आणि सुंदर होती. ३२ घरांसाठी ३२ अंकांची एक ओळ. अशा तीन ओळी त्यांनी घेतल्या. पहिल्या ओळीत जेथे काळी सोंगटी असेल तेथे १, नाहीतर ०. दुसऱ्या ओळीत पांढऱ्या सोंगट्यांसाठी तसेच. तिसऱ्या ओळीत, रंग कोणताही असो, जेथे राजा असेल तेथे १.

समजण्यासाठी चारच घरे घेऊ.

काळ्या : १ १ ० ०
पांढऱ्या : ० ० ० १
राजे : ० १ ० १

पहिल्या घरात काय आहे? काळी साधी सोंगटी. दुसऱ्यात? काळा राजा, कारण काळ्यांच्या ओळीतही १ आहे आणि राजांच्या ओळीतही. तिसरे घर रिकामे. चौथ्यात पांढरा राजा. बघा, सारा पट तीन ओळींत मावला! सोंगटी सरकवणे म्हणजे ओळीतला १ हा अंक ठरावीक घरे पुढे नेणे. घरांना ओळीने क्रमांक दिले, तर पटाच्या एका रांगेतून पुढच्या रांगेत जाताना क्रमांक ४ किंवा ५ ने वाढतो आणि त्यापुढच्या रांगेत जाताना ३ किंवा ४ ने. कागदावर पट काढून क्रमांक घाला, म्हणजे पटेल.

पुढचे पाहणे

नियम कळले म्हणजे खेळ आला असे नाही. कोणती खेळी चांगली, हे कसे ठरवायचे? यंत्र असा विचार करते : मी ही खेळी केली तर तो काय करील? त्याने तसे केले तर मी काय करीन? अशा काही खेळ्या पुढे जाऊन ते सोंगट्या मोजते आणि ज्या वाटेने आपली बाजू भारी होईल ती वाट धरते.

मग डावाच्या शेवटापर्यंतच का पाहू नये? थोडे गणित करू. ड्राफ्ट्सच्या सुरुवातीला ७ खेळ्या शक्य असतात. प्रत्येकीला प्रतिस्पर्ध्याची ७ उत्तरे, म्हणजे ७ × ७ = ४९ स्थिती झाल्या. पुढेही दर वेळी सातच खेळ्या धरल्या, तर सहा खेळ्यांनंतर १,१७,६४९ स्थिती होतात. मँचेस्टरच्या यंत्राला एका साध्या आज्ञेला १.२ सहस्रांश सेकंद लागे. प्रत्येक स्थिती तपासायला १०० आज्ञा लागतात असे धरले, तर एका खेळीसाठी जवळजवळ चार तास! तेव्हा थोडेसेच पुढे पाहून थांबणे भाग होते.

अशा थोडेच पुढे पाहणाऱ्या यंत्राला एक गमतीची खोड असू शकते. समजा, शत्रूच्या सोंगटीचा आता राजा होणार आणि ते टाळता येत नाही. यंत्र आपली एक सोंगटी तिच्यापुढे मरायला टाकते. नियमाप्रमाणे शत्रूला ती मारावीच लागते, आणि राजा होणे एक खेळी पुढे जाते. यंत्राला तेवढ्या दूरचे दिसत नसते. त्याला वाटते, संकट टळले! परीक्षा उद्यावर ढकलून "सुटलो" म्हणणाऱ्या मुलासारखीच त्याची गत.

राग कोणाचा?

आता मूळ गोष्टीकडे येऊ. यंत्र डावाचा पट कॅथोड किरण नळीच्या पडद्यावर ठिपक्यांनी दाखवी आणि आपली खेळी टेलिप्रिंटरवर छापी. सुरुवात कोणी करायची हे ठरवण्यासाठी ते खेळाडूलाच नाणे उडवायला सांगे आणि तुम्ही जिंकलात का, असे विचारी. बिचाऱ्याला नाणे उडवता येत नव्हते आणि दिसतही नव्हते. तुम्ही खोटे बोललात तरी ते विश्वास ठेवणार!

खेळी ठरलेल्या सांकेतिक पद्धतीने कळवावी लागे. त्यात चूक झाली की यंत्र आधी सभ्यपणे सूचना वाचायला सांगे. पुन्हा चूक झाली किंवा खेळाडूने वेळ लावला की भाषा कडक होत जाई. शेवटी तर ते वेळ फुकट घालवायला साफ नकार देई आणि एखाद्या माणसाबरोबरच जाऊन खेळा, असे सुनावी.

पाहणाऱ्यांना हसू आले असेल; पण मित्रांनो, येथे क्षणभर थांबून विचार करा. यंत्र खरेच रागावले होते का?

मुळीच नाही. यंत्रात होती एक मोजणी आणि वाक्यांची एक यादी. पहिल्या चुकीला पहिले वाक्य, पुढच्या चुकीला त्याहून तिखट वाक्य, मर्यादा संपली की डाव बंद. मोजणी तीनवर असो की चारवर, यंत्राला त्याचे सुखदुःख नाही. वाक्ये लिहिली होती स्ट्रेचींनी. वर्गात रोज मुलांशी गाठ असलेल्या मास्तरांना कोणत्या वेळी कसा आवाज चढवायचा हे ठाऊक असणारच! हसू आले ते यंत्राच्या विनोदबुद्धीमुळे नव्हे, तर दूर बसलेल्या एका माणसाच्या.

ही गोष्ट आज तर अधिकच ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आजचे बोलणारे संगणक असे एकेक वाक्य यादीतून उचलत नाहीत. माणसांनी लिहिलेल्या अफाट मजकुरावरून शिकून ते वाक्ये जुळवतात. तरीही यंत्र "माफ करा" म्हणाले की आपण विचारायला हवे : हे शब्द आले कोठून? ते कसे निवडले गेले?

विनोदातून विज्ञानाकडे

सप्टेंबर १९५२ मध्ये टोरांटो येथील परिषदेत स्ट्रेचींनी आपले काम सांगितले. संगणक म्हणजे केवळ आकडेमोडीचे यंत्र नव्हे, नियमांत मांडता येईल ते कोणतेही काम त्याला देता येते, हे या खेळाने दाखवून दिले. त्याआधी जूनमध्येच शाळा सोडून ते संगणकाच्या कामात शिरले होते. पुढे १९६५ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठात आज्ञावली-संशोधनाचा गट त्यांनी उभा केला. १९७५ मध्ये त्यांचे निधन झाले.

ड्राफ्ट्सची कथा मात्र पुढे चालू राहिली. अमेरिकेतील आर्थर सॅम्युएल यांनी अनुभवातून शिकणारी आज्ञावली रचली. तिच्यावरील त्यांचा निबंध १९५९ चा. २००७ मध्ये कॅनडातील जोनाथन शेफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले, की दोघेही बिनचूक खेळले तर ड्राफ्ट्सचा डाव बरोबरीतच सुटतो. १९८९ मध्ये सुरू झालेले हे काम पुरे व्हायला १८ वर्षे लागली!

करून पाहा

यासाठी संगणक नको. कागद, पेन्सिल आणि एक मित्र पुरे. मित्राला 'यंत्र' करा. खेळ फुल्ली-गोळा. तुम्ही आधी खेळायचे. यंत्राने स्वतःचे डोके न चालवता, फक्त पुढील नियम क्रमाने पाळायचे :

१. आपली दोन चिन्हे एका ओळीत असून तिसरे घर रिकामे असेल, तर ते भरून जिंक.
२. समोरच्याची तशी ओळ होत असेल, तर ती अडव.
३. मधले घर रिकामे असेल, तर ते घे.
४. कोपरा रिकामा असेल, तर तो घे.
५. नाहीतर कोणतेही रिकामे घर घे.

जोडीला चार चिठ्ठ्या लिहा. तुम्ही भरलेल्या घरातच खूण करू पाहिलीत, किंवा मनात वीस मोजेपर्यंत खेळला नाहीत, की यंत्राने क्रमाने एकेक चिठ्ठी दाखवायची. पहिली नम्र, चौथी चांगली झणझणीत! चिठ्ठ्यांतला मजकूर तुमचा तुम्हीच शोधा. मात्र कोणाचे मन दुखावेल असे काही लिहू नका.

आता एक आव्हान. वरच्या नियमांत एक चूक आहे. ते पाळणाऱ्या यंत्राला हरवता येते. दोन समोरासमोरचे कोपरे आधी पकडून पाहा. चूक सापडली की यंत्र हरणार नाही असा नवा नियम लिहा आणि तो कोणत्या क्रमांकावर घालायचा ते ठरवा.

गुरुजनांना विनंती, की हा खेळ वर्गात जरूर घ्यावा. ज्याचे नियम फसतील त्याला हसू नये. स्ट्रेचींची पहिली आज्ञावलीही चालली नव्हती.