नापास अॅनी पुन्हा पडद्यावर

अमरावती-अकोल्याच्या इंजिनिअरिंग, आर्किटेक्चरवाल्या पोट्ट्यांनो, हा सिनेमा तुमचाच आहे. 'इन विच अॅनी गिव्ह्ज इट दोज वन्स', 1989. दिग्दर्शक प्रदीप कृष्ण, पटकथा अरुंधती रॉय यांची. बाईंनी राधाची भूमिकाही केलीये. काळ 1974, जागा दिल्लीतलं आर्किटेक्चर कॉलेज.

अॅनी म्हणजे आनंद ग्रोव्हर. प्राचार्यांची खोडी काढली म्हणून वर्षानुवर्षं पाचव्या वर्षातच अडकलेला. त्या प्राचार्यांना पोरं 'यमदूत' म्हणतात (रोशन सेठ, लाजवाब!). अॅनीची योजना ऐका: रेल्वेच्या संडासातली घाण रुळांवर पडतेच, मग त्या खतावर दोन्ही बाजूंना फळझाडं लावायची. अकोला-मूर्तिजापूर-बडनेरा पट्ट्यात नुसती कल्पना करून पाहा. आता डब्यांत बायो-टॉयलेट आले, म्हणजे बिचाऱ्याचं खतच गेलं.

तेव्हा अनोळखी असलेला शाहरुख खान छोट्या भूमिकेत आहे, पण त्याच्यासाठी पाहू नका. पाहा होस्टेलची भाषा. इंग्रजीत हिंदी अशी घुसळलेली, जशी आपल्याकडे हिंदीत वऱ्हाडी घुसते. सबमिशनच्या आदल्या रात्रीचा गोंधळ तर हुबेहूब.

दूरदर्शननं तो रात्री उशिरा दाखवला आणि विसरून गेलं. पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. रॉय यांनी 2015 मध्ये तो परत केला. सिनेमा मात्र वर्षानुवर्षं खराब कॉप्यांवरच जगला. आता मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशननं त्याचं 4के रिस्टोरेशन केलंय.

आपल्याकडच्या कॉलेजांच्या फिल्म क्लबांनी एक शो लावाच. प्राचार्यांनाही बोलवा.