तेलाची बेगमी

देशावरच्या जुन्या वाड्यांत जमिनीखाली खोदलेले पेव ज्यांनी पाहिले असेल, त्यांना हे सांगावयास नको की पेव भरण्याचा काळ दुष्काळाचा नसून सुगीचा असतो. खळ्यावर रास पडून धान्याचा भाव उतरला, म्हणजेच शहाणा कुणबी बेगमीस लागत असे. खनिज तेलाच्या बाबतीत आपल्या सरकारांनी गेल्या अर्धशतकात ज्या तजविजी केल्या, त्या याच कसोटीवर पारखून पाहण्यासारख्या आहेत.

१९७३ च्या ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्धाच्या निमित्ताने अरब राष्ट्रांनी तेल रोखले आणि पिंपामागे सुमारे ३ डॉलर असलेला भाव पुढील जानेवारीत १२ डॉलरांच्या घरात गेला. पेट्रोलच्या दरवाढीच्या निषेधार्थ अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले. मुंबईत तर मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध आधीच रस्त्यावर उतरल्या होत्या. अशा हलाखीत १९७४ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर ‘सागर सम्राट’ या तेल-खोदाई मंचाला तेल लागले, तेव्हा लोकांना तो दैवाचा प्रसाद वाटला. वस्तुतः त्या समुद्रतळाची पाहणी साठीच्या दशकात, तेल स्वस्त असतानाच, सोव्हिएत जहाजाच्या साह्याने झालेली होती. संकटात हाती आले ते सुगीत पेरलेलेच होते.

याउलट दुसरे पेव कागदावरचे. सरकारनियंत्रित दरांच्या व्यवस्थेत एक ‘ऑइल पूल’ खाते असे: जगात भाव उतरले की त्यात भर घालावी, चढले की त्यातून भरपाई करावी, ही मूळ कल्पना मोठी सुज्ञ. परंतु दर वाढविण्याचे अप्रिय कर्तव्य टाळता टाळता खात्यात शिल्लक राहण्याऐवजी तूट साचली. २००२ च्या एप्रिलात ती व्यवस्था मोडीत निघाली खरी, पण दर दाबण्याची सवय मोडली नाही. पुढे तेलकंपन्यांना त्यापायी होणाऱ्या तोट्याची भरपाई म्हणून रोकड्याऐवजी रोखे देण्यात आले आणि त्यांच्या परतफेडीचा भार २०२६ पर्यंत लांबला. जाणती माणसे पेवात उतरण्यापूर्वी दिवा सोडून आतल्या हवेची परीक्षा घेत. बाजारातला भाव हा तसाच दिवा होय, आणि आपण तो वर्षानुवर्षे झाकून ठेवला. पेट्रोलवरचे झाकण २०१० मध्ये निघाले, डिझेलवरचे २०१४ मध्ये.

तिसरे पेव मात्र अक्षरशः भूगर्भातले. संकटकाळासाठी तेल साठवून ठेवण्याकरिता २००४ मध्ये स्वतंत्र सरकारी कंपनी स्थापन झाली आणि विशाखापट्टणम, मंगळूर व पादूर येथे अखंड खडक कोरून अनुक्रमे १३.३, १५ व २५ लाख टनांची कोठारे सिद्ध झाली. त्यांच्या भिंतींना पोलादी अस्तर नाही. सभोवारच्या खडकातील पाण्याचा दाबच तेलाला बाहेर झिरपू देत नाही. एवढ्या साऱ्या खटाटोपातून होणारी बेगमी देशाच्या सुमारे साडेनऊ दिवसांच्या गरजेएवढी आहे. तेलकंपन्यांच्या टाक्यांतील साठा याहून निराळा आणि बराच मोठा आहे. तथापि ८५ टक्क्यांच्या आसपास तेल परदेशातून आणणाऱ्या राष्ट्राला हा राखीव साठा तुटपुंजाच म्हणावा लागेल.

मग २०२० चा वसंत आला. महासाथीने जगाची चाके थांबली, तेलाला गिऱ्हाईक उरले नाही, आणि आपल्या सरकारने प्रसंगावधान राखून एप्रिल-मे महिन्यांत पिंपामागे सरासरी १९ डॉलरांनी तेल घेऊन तिन्ही कोठारे काठोकाठ भरली. हा व्यवहार निःसंशय चोख होता. परंतु ओडिशातील चांदीखोल आणि पादूर येथे आणखी ६५ लाख टनांची कोठारे करण्यास २०१८ मध्येच तत्त्वतः मान्यता मिळालेली असूनही, तेथील खडकाला तोवर पहार लागली नव्हती. शतकातून एखाद्या वेळी येणारी सुगी दारात उभी राहिली, तेव्हा ही नवी पेवे दफ्तरातच होती.