सधन राष्ट्रांत मजुरांची क्रांति होईल काय?

जेथें कारखाने वाढले तेथेंच मजुरांची क्रांति प्रथम होणार, असें मार्क्सच्या अनुयायांचें गणित होतें. प्रत्यक्षांत १९१७ सालीं ती झाली शेतकऱ्यांच्या रशियांत. मग सधन राष्ट्रांस हें भय मुळींच नाहीं, असें समजावें काय? या प्रश्नाचें उत्तर ग्रंथांपेक्षां १९६८ सालच्या फ्रान्समध्यें शोधावें, असें आम्हांस वाटतें.

त्या वर्षीं मे महिन्यांत पॅरिसच्या विद्यार्थ्यांनीं रस्त्यांत अडसर रचून पोलिसांशीं झुंज दिली. त्यांच्या पाठिंब्यास मजूरसंघांनीं १३ तारखेस एक दिवसाचा संप पुकारला. पण दुसऱ्याच दिवशीं नान्त येथील विमानांच्या कारखान्यांतील मजूर कारखाना ताब्यांत घेऊन आंत बसले, आणि हें लोण रेनो मोटारींच्या कारखान्यांपर्यंत पोहोंचलें. लवकरच सुमारें एक कोटि लोकांनीं काम सोडलें. आगगाड्या थांबल्या, टपाल थांबलें, पेट्रोल मिळेना. २९ तारखेस राष्ट्राध्यक्ष द गोल मुख्य प्रधानासही न सांगतां जर्मनींतील आपल्या सेनापतीच्या भेटीस निघून गेले! देश भुकेकंगाल नसतांही राज्ययंत्र असें लुळें पडलें.

तरी क्रांति झाली नाहीं. मजुरांस धैर्य नव्हतें, असें कोणी म्हणतात; परंतु २७ तारखेस किमान वेतन शेकडा ३५ नें वाढविण्याची तडजोड पुढें आली असतां रेनोच्या बियांकूर येथील मजुरांनीं ती झिडकारली होती. साम्यवादी पुढाऱ्यांनीं दगा दिला, असें दुसरे म्हणतात. त्यांच्या संघानें चळवळ पगारवाढीकडे वळविली, हें खरें. पण मजूर वळला कां, हा प्रश्न उरतोच. आमच्या मतें, त्याच्यापाशीं गमावण्यासारखें कांहीं होतें : नोकरी, घर, म्हातारपणचें वेतन, मुलांचें शिक्षण, आणि मुख्य म्हणजे मत. ३० तारखेस द गोल यांनीं प्रतिनिधिसभा विसर्जित करून निवडणूक जाहीर केली. मजूर हळूहळू कामावर परतले, व जूनमध्यें द गोल यांच्या पक्षासच प्रचंड बहुमत मिळालें.

आमच्या व्यापारी वाचकांनीं एवढ्यावरून निर्धास्त होऊं नये. मजुरांचा जोर नसता, तर ती वेतनवाढ तीन दिवसांच्या वाटाघाटींत मिळाली असती काय? त्याच वर्षाच्या डिसेंबरांत कारखान्याच्या आवारांत मजूरसंघाची शाखा चालविण्याचा हक्क कायद्यानें मान्य झाला, तो कोणाच्या दयेनें? वाढीचा कांहीं भाग पुढें महागाईनें खाल्ला, हें कबूल; पण हक्क टिकला.

तात्पर्य, राष्ट्रास क्रांतीपासून वांचवितें तें केवळ त्याचें धन नव्हे. त्या धनांत आपलाही वांटा वाढेल, व तो मागण्यास संघ आणि मत हीं दोन दारें उघडीं आहेत, हा मजुराचा भरंवसा त्यास वांचवितो. संघ मोडून ज्यांस स्वस्थता हवी आहे, ते आपल्याच घराचें दार बाहेरून बंद करीत आहेत. आंत कोंडलेली वाफ भिंतीची श्रीमंती पाहत नाहीं.